पाण्यावरचा आळ

परमुलखात बदली होऊन गेलेला मराठी मनुष्य नव्या गावावर जे आरोप ठेवतो, त्यांत पहिला मान पाण्याचा असतो. भाषा कळत नाही, हे तो हसत सांगतो. दोन्ही वेळा भात खावा लागतो, हे तो सोसतो. उकाड्याशीही वर्षा-दोन वर्षांत त्याची तडजोड होते. पाण्याशी मात्र त्याचे कधीच जमत नाही. पोट बिघडले, तर पाणी बाधले. तुरीची डाळ शिजली नाही, तर पाणी जड. मुलाचा अभ्यास मागे पडला, तरी कोणी तरी म्हणतेच, की हवापाणी मानवले नाही. अनुभवाने शहाण्या झालेल्या मनुष्यास आपल्याकडे ‘बारा गावचे पाणी प्यालेला’ म्हणतात. आम्ही सरकारी नोकर खरोखरीच बारा गावचे पाणी पितो. पण तेराव्या गावी उतरलो, की नळाखाली तांब्या धरून त्यात अशा संशयाने डोकावतो, की जणू पाणी हा पदार्थ आयुष्यात प्रथमच पाहत आहोत.

आणि केस गळू लागले, म्हणजे तर पाण्याची धडगतच नाही. चेन्नईतील मराठी मंडळींत एखाद्या समारंभास गेले असता दहा-पाच मिनिटांत संभाषण केसांवर येते आणि तेथून तत्काळ पाण्यावर. बोअरचे पाणी खारट, टँकरचे पाणी कुठले ते देव जाणे, नळाचे पाणी औषध मारलेले. मग केस राहणार कसे? टक्कल पडलेले गृहस्थ आपल्या टकलाची तारीख चेन्नईस रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजतात. वडिलांना आणि आजोबांनाही तसेच टक्कल होते, आणि त्यांपैकी कोणी सोलापूर ओलांडले नव्हते, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानी येत नाही.

यात गंमत अशी, की ज्या पाण्याच्या नावाने आपण बोटे मोडतो ते सगळेच काही परके नाही. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ अब्ज घनफूट पाणी या शहरास देण्याचे मान्य केले. कंडलेरूच्या जलाशयातून कालव्याने ते पूंडीच्या तलावात येते आणि तेथून शहरात. म्हणजे बेझंट नगरच्या सरकारी वसाहतीत नळाखाली बादली लावणाऱ्या मराठी गृहिणीच्या वाट्यास महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेला एखादा थेंब येत असणे अशक्य नाही. बिचारा आपल्याप्रमाणेच बदली होऊन आलेला. आणि येथे आल्यावर त्याच्यावर आळ आपल्याच माणसांनी घ्यावा!

हा आळ आमच्याही घरी आला. २०२४ च्या जून महिन्यात नागपूरहून आमची येथे बदली झाली. ऑगस्ट संपता संपता आमच्या कुटुंबाचे केस गळू लागले. रोज फणीला चार-दोन केस यावेत तसे नव्हे. उशीवर, न्हाणीघराच्या जाळीवर, कणकेच्या परातीजवळ, जिकडे पाहावे तिकडे केस. न्हाण्याच्या दिवशी तर हातात पुंजकेच्या पुंजके येत. जाडजूड वेणी महिन्याभरात करंगळीएवढी झाली. घरातील संभाषण एका विषयापुरते उरले. खामगावहून मेहुण्याचा दूरध्वनी येई, तो रोज तेच म्हणे: “ताई, तिकडच्या पाण्यानंच होतंय हे. भाऊजींना सांग, बदली मागा.” केसांपायी बदली मागण्याचा अर्ज कोणत्या नमुन्यात करावा, हे आम्हांस माहीत नव्हते. शेजारी एक वृद्ध बाई राहतात. त्यांचे घराणे तंजावरकडचे, दोन-अडीचशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या मराठी मंडळींपैकी. त्यांनी त्यांच्या गोड जुन्या मराठीत शिकेकाई, मेथी आणि नारळाचे दूध यांचा एक पाठ सांगितला. मंडळातील एका भगिनीने कांद्याचा रस सुचविला, दुसरीने तो कोणत्याही परिस्थितीत लावू नये असे बजावले. नळाला लावण्याचे एक यंत्र आले. यंत्राने पाणी गोड झाले. केस गळतच राहिले.

यात हसण्याजोगे थोडे आणि न हसण्याजोगे पुष्कळ होते. त्या वर्षी ७ सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती. आरतीला जायचे म्हणून तिने पातळ काढून ठेवले, आरशापुढे अंबाडा घालू लागली, आणि तो बांधण्याइतके केस हाती लागेनात, तेव्हा पातळ घडी करून परत कपाटात ठेवले. “तुम्ही जाऊन या,” एवढेच म्हणाली. पुरुषाचे टक्कल हा विनोदाचा विषय होतो. क्वचित ते विद्वत्तेचे लक्षणही मानले जाते. स्त्रीच्या उघड्या टाळूकडे पाहण्याची आपली दृष्टी तेवढी निर्मळ नाही. त्या दृष्टीला एक जुना इतिहास आहे. आमच्या पणज्यांच्या काळी पती निवर्तलेल्या बाईच्या डोक्यावर वस्तरा फिरे, आणि लाल आलवणाखाली झाकलेले ते मस्तक घरातल्या शुभकार्यांत पुढे येत नसे. ती चाल गेली, पण तिची भीती मनाच्या तळाशी राहिली असावी. केस गेले म्हणजे काही तरी अशुभ घडले, आणि ते लपविले पाहिजे, अशी ती भीती.

शेवटी आम्ही त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. या बाई तमिळ, साठीच्या पलीकडच्या, हिंदी अडखळत बोलणाऱ्या. आम्ही पाण्याचा वृत्तांत सविस्तर सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. चेन्नईत हा वृत्तांत त्या रोज ऐकत असाव्यात. मग त्यांनी बोटांच्या चिमटीत पन्नास-साठ केसांची एक बट धरून हलकेच ओढली. सात-आठ केस हातात आले. ते भिंगाखाली धरून त्यांनी आम्हांस दाखविले. प्रत्येकाच्या मुळाशी पांढरी, बारीक, टाचणीच्या डोक्याहूनही लहान अशी गाठ होती. “हा केस तुटलेला नाही,” त्या म्हणाल्या, “हा मुदत संपून निवृत्त झालेला आहे. पाण्याने केस रखरखीत होतो, मध्येच तुटतो. असा मुळासकट सुटत नाही. मला ऑगस्टचे सांगू नका. मे महिन्यात काय झाले होते?”

कुटुंबाने सांगितले, की मे महिन्यात मुदतीचा ताप आला होता. पंधरा दिवस अंथरूण सोडले नव्हते.

“आणखी?”

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “त्याच महिन्याच्या शेवटी माझी आई गेली.”

डॉक्टरबाईंनी हातातील लेखणी खाली ठेवली. पुढची दहा मिनिटे त्या खोलीत केसांचा विषय निघाला नाही. खामगावच्या घरी आई तिला पाटावर बसवून मागून खोबरेल तेल कसे चोळीत असे, लग्नाला पंचवीस वर्षे झाल्यावरही माहेरी गेले की पहिल्या रात्री तेलाची वाटी कशी हजर असे, हे ती एका अपरिचित स्त्रीस मोडक्या हिंदीत सांगत होती. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी सामान बांधावयास घ्यावे लागले होते. खोकी, मुलाचा शाळेचा दाखला, गॅसची जोडणी, नव्या गावचे घर, या धांदलीत रडावयास सवड नव्हती, आणि नव्या गावात आईला ओळखणारे कोणी नव्हते. त्या दिवसानंतर ती आम्हांस हलकी वाटली. गोळी तर अद्याप एकही घेतली नव्हती.

डॉक्टरबाईंनी मग जे समजावून दिले ते प्रत्येक घरात ठाऊक असावे, असे वाटल्यावरून येथे मांडतो. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. कचेरीच्या भाषेत बोलावयाचे, तर ही मंजूर पदसंख्या. त्यांतील शेकडा ८५ ते ९० कोणत्याही वेळी कामावर असतात, म्हणजे वाढत असतात. एका केसाची ही सेवा दोन ते सहा वर्षे चालते आणि महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर या बेताने तो वाढतो. उरलेले केस विश्रांतीवर असतात. ही विश्रांती तीनएक महिन्यांची. ती संपली की जुना केस गळतो आणि त्याच जागी नवा रुजू होतो. म्हणून निरोगी मनुष्याचेही रोज ५० ते १०० केस गळतात, आणि त्याची दाद ना फिर्याद.

शरीरावर मोठे संकट आले, म्हणजे या व्यवस्थेत गडबड होते. मुदतीचा ताप, डेंग्यू, कोविड, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने वजन उतरविणारी उपासमार, किंवा मनावरचा जबर आघात, यांपैकी काही घडले, की शरीर काटकसरीचे धोरण स्वीकारते आणि कामावरचे पुष्कळसे केस एकदम विश्रांतीस पाठविते. त्या दिवशी डोक्यावर काहीच दिसत नाही. केस जागच्या जागी असतात, फक्त वाढत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी विश्रांती संपते आणि ते सारे एकाच वेळी बाहेर पडतात. तोपर्यंत ताप उतरलेला असतो, माणूस कामाला लागलेला असतो, आपल्यासारख्यांची तर बदलीही झालेली असते. मनुष्य आजूबाजूस पाहतो, तो समोर नवे गाव आणि नवे पाणी! गुन्हा एका गावात घडतो आणि पकडला जातो दुसऱ्या गावचा निरपराधी. बदलीनंतरच्या केसगळतीचे पुष्कळदा हेच रहस्य असते.

या प्रकारात धीर धरणे हाच मुख्य उपचार. मूळ आघात सरला असेल, तर तीन ते सहा महिन्यांत गळती थांबते. लांबी परत येण्यास अर्थातच वेळ लागतो, कारण महिन्यास एक सेंटिमीटर हा वेग कोणत्याही तेलाने दुप्पट होत नाही. रक्ताच्या तपासणीत लोहाचा साठा कमी निघाला, तेवढ्यापुरते औषध मिळाले आणि जेवणात डाळी, उसळी, अंडी वाढविण्यास सांगितले. “नवे केस आधी कपाळाच्या कडेला उभे राहतील,” बाई म्हणाल्या होत्या. दिवाळी झाल्यावर ते खरोखरच उभे राहिले. बोटाच्या पेराएवढे, कसेही विंचरले तरी न बसणारे.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. आमच्या कचेरीत एक तरुण तमिळ लेखनिक आहेत. त्या चार दिवसांची रजा घेऊन तिरुपतीस गेल्या आणि परतल्या त्या संपूर्ण मुंडन करून. डोक्याला चंदनाचा लेप, कपाळी कुंकू, अंगावर चांगली रेशमी साडी. आणि नेहमीप्रमाणे खुर्चीवर बसून त्यांनी काम सुरू केले. कोणी वळून पाहिले नाही, कोणी कुजबुजले नाही. येथे यास ‘मोट्टै’ म्हणतात. नवस फेडला, देवास केस वाहिले, यापलीकडे त्याची चर्चा नाही. बसमध्ये, बाजारात, शाळेत अशी मस्तके नित्य दिसतात. आम्ही हे घरी सांगितले, तेव्हा कुटुंबाने काम थांबवून ऐकले. पुढच्या रविवारी ती मंडळात गेली. पदर न घेता, विरळ केसांची लहानशी गाठ बांधून. जी गोष्ट आपल्याकडे विटंबना ठरली, तीच येथे देवाचे देणे ठरते. केस तेच, पाहणारे डोळे निराळे. परमुलखात राहण्याचा जर काही लाभ असेल, तर तो असा अवचित होतो.

आमच्या घरचे हे प्रकरण मार्गी लागले असता २०२५ च्या जानेवारीत वऱ्हाडातून बातमी आली. बुलढाणा जिल्हा, शेगाव तालुका. बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतील माणसांचे केस एकाएकी गळू लागले. प्रथम डोक्यास खाज, मग केस हाताने ओढले तरी निघून यावेत अशी स्थिती, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पुरुष, बायका, शाळकरी मुले, कोणीच सुटले नाही. पुढे प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार १८ गावांतील २७९ जणांस हा विकार जडला. खामगाव आणि शेगाव यांत अंतर ते किती! आमच्या घरी दूरध्वनीची घंटा पुन्हा रोज वाजू लागली. या वेळी काळजी करणारे इकडे होते आणि धीर धरणारे तिकडे.

तेथे प्रथम संशय कोणावर गेला, हे वाचकांनी ओळखले असेलच. पाण्यावर! विहिरींच्या आणि कूपनलिकांच्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत गेले. त्यात क्षार आणि नायट्रेट अधिक आढळले, म्हणून आळ बळावला. खारपाणपट्ट्यातील ती गावे. तेथील पाणी पिढ्यानपिढ्या तसेच. तेच पाणी आजोबांनी प्यायले आणि त्यांची शेंडी शाबूत राहिली, तर नातवाचे केस चार दिवसांत का जावेत, हा प्रश्न उरतच होता. बुरशीजन्य रोगाचीही शंका घेतली गेली. मग भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनी गावांत जाऊन रक्ताचे, केसांचे आणि अन्नाचे नमुने घेतले.

याच वेळी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तेथे पोचले. विंचूदंशावरील उपचारासाठी ज्यांचे नाव जगभरच्या वैद्यकात घेतले जाते, तेच हे बावस्कर. त्यांनी माणसांच्या डोक्याकडे पाहिले, तसेच त्यांच्या ताटाकडेही पाहिले. फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलेल्या निष्कर्षानुसार दोष निघाला तो शिधावाटप दुकानातून आलेल्या परप्रांतीय गव्हाचा. स्थानिक गव्हाच्या मानाने त्यात सेलेनियम नावाचे द्रव्य सुमारे ६०० पट होते; रुग्णांच्या रक्तातही ते फार वाढलेले आणि जस्त मात्र घटलेले आढळले. सेलेनियम हे शरीरास अत्यल्प प्रमाणात हवे असते. १८१७ साली बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ते शोधले आणि चंद्रावरून त्यास नाव दिले. चंद्राप्रमाणेच त्याच्या कलेचा अतिरेक बाधतो. प्रमाण वाढले, की केस गळतात, नखे ठिसूळ होतात. पुढे एप्रिलमध्ये त्याच भागातून नखे गळण्याच्या बातम्या आल्या. पंजाबातील होशियारपूर-नवांशहरकडच्या काही जमिनींत हे द्रव्य मुळातच अधिक आहे, हे शेतीशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ज्ञात होते. चीनमधील हुबेई प्रांतात १९६०-७० च्या सुमारास अशाच धान्याने गावेच्या गावे केसांना मुकली होती.

विहीर परकी नसूनही तिची चौकशी झाली, कारण पाण्यावर संशय घेण्याची आपल्यास सवय आहे. भाकरी-पोळीकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. ताटातले अन्न हे आपले, ते वैर कसे करील, अशी आपली भाबडी समजूत. त्या गावांतील तरुण मुलामुलींनी लाजेने शाळा-कॉलेज सोडून घरी बसावे, जमलेली लग्ने अडावीत, शेजाऱ्यांनी स्पर्श टाळावा, असे प्रकार घडल्याचे वृत्तपत्रांत आले. ज्यांचे केस गेले त्यांचा यात दोष कोणता होता? दुकानातून मिळाला तो गहू त्यांनी दळून खाल्ला, एवढाच. तो विकार संसर्गाचा नव्हता. पुढे अनेकांचे केस पुन्हा येऊ लागले. परंतु त्या चार-सहा आठवड्यांत जे टोमणे ऐकावे लागले ते केसांबरोबर गळून पडत नाहीत. आमच्या कुटुंबाने त्या बातम्यांत मुलींची छायाचित्रे पाहिली, ओढणीने डोकी झाकलेली. ती म्हणाली, “यांना कोणी तरी चेन्नईस आणून आठ दिवस रस्त्यावर फिरवायला हवं.”

आता वाचकांच्या उपयोगाचे चार शब्द. तंजावरचे सरफोजी राजे स्वतः वैद्यकाचे रसिक होते. त्यांच्या धन्वंतरी महालात रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढून त्यांच्या व्याधीची नोंद ठेवीत, आणि ती पत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात अद्याप आहेत. औषधाआधी नोंद, हा त्या मराठी राजाचा शिरस्ता केसांनाही लागू आहे. केस एकाएकी गळू लागले, तर कागद घेऊन मागील चार महिन्यांचा वृत्तांत लिहावा: ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, उपास, शोक, नवीन सुरू केलेली औषधे. मग गळतीचा आकार पाहावा. सगळीकडून सारखे विरळ होत असतील, तर बहुधा वर सांगितलेला प्रकार. रुपयाएवढे गुळगुळीत गोल चट्टे पडत असतील, तर ती चाई. त्यात शरीराची संरक्षक शक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. तिच्यावर आज चांगले उपचार आहेत, कांदा घासून कातडी सोलून घेण्याची गरज नाही. मुलाच्या डोक्यात कोंड्यासारखे पापुद्रे, खाज आणि तुटके केस दिसले, तर तो नायटा. त्यास पोटात घ्यावयाचे औषध लागते, आणि फणी-टॉवेल वेगळे ठेवावे. डोके लाल होणे, पू येणे, गळलेल्या जागी कातडी व्रणासारखी चकचकीत होणे, ही लक्षणे असतील, तर एक आठवडाही दवडू नये. तेथील मुळे एकदा जळाली, की परत येत नाहीत.

रक्ताची तपासणी सांगितली, तर प्रामुख्याने हिमोग्लोबिन, लोहाचा साठा आणि थायरॉइड या तीन गोष्टी पाहतात. केसांसाठी म्हणून बाजारात मिळणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांपैकी बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही तपासण्या चुकीचा आकडा दाखवितात, म्हणून ते घेत असल्यास डॉक्टरांस आधी सांगावे. कित्येक गोळ्यांत सेलेनियमही असते. म्हणजे गळतीवर म्हणून घ्यावे तेच गळतीचे कारण व्हावे. हा केवळ तर्क नव्हे. २००८ साली अमेरिकेत एका पौष्टिक औषधात ते द्रव्य चुकून बेसुमार पडले आणि सुमारे दोनशे लोकांस विषबाधा झाली; त्यांतील बहुतेकांचे केस गेले. आणि एकाच घरात, एकाच आळीत दोघा-तिघांचे केस एकदम जाऊ लागले, तर तेलाची चर्चा न करता आरोग्य केंद्रात वर्दी द्यावी, घरातील धान्याचा मूठभर नमुना, पाण्याची बाटली आणि दुकानाची पावती जपून ठेवावी. त्यातूनच खरा अपराधी सापडतो.

यंदाच्या जून महिन्यात पुण्याहून आमच्या खात्यातील एक गृहस्थ येथे बदलून आले. सप्टेंबरात ते सपत्नीक आमच्याकडे फराळास आले होते. चहाचा पेला हाती घेऊन त्यांनी येथील पाण्याविषयी बोलण्यास प्रारंभ केला. बाईंनी हळूच पदर डोक्यावरून पुढे ओढला. आमच्या कुटुंबाने पाण्याची बाजू घेतली नाही, की तेलाचे नाव काढले नाही. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिने विचारले, “येण्याआधी, मे-जूनमध्ये, बऱ्या होतात ना तुम्ही?”

दोघे नवरा-बायको एकमेकांकडे पाहू लागली. आम्ही उठलो आणि गृहस्थांना गच्चीवरून समुद्र दाखविण्यास घेऊन गेलो.